तक्त्यातले ‘मोडल’ आणि वाक्यातले ‘मोडल’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या शैक्षणिक पानांवर इंग्रजी व्याकरणाचे तक्ते येऊ लागतात. त्यांत ‘मोडल ऑक्झिलरी’चा, म्हणजे मुख्य क्रियापदाआधी येऊन शक्यता, परवानगी, सक्ती असे अर्थ देणाऱ्या सहायक क्रियापदांचा, तक्ता ठरलेला. डावीकडे कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट आणि उजवीकडे प्रत्येकासमोर एकेक मराठी शब्द: शकतो, शकलो, कदाचित, पाहिजे, पाहिजेच. खाली ‘पाठ करा’. आपल्या पानावर नुकताच आलेला तक्ताही याच वळणाचा होता, म्हणून हे पत्र. डाव्या रकान्याबद्दल तक्रार नाही. घोळ उजव्या रकान्यात आहे. तिथून तो उत्तरपत्रिकेत जातो आणि पुढे नोकरीच्या अर्जात नि कार्यालयाच्या परिपत्रकात उतरतो.

‘कॅन’पासूनच बघू. त्याच्यासमोर ‘शकणे’ लिहिले की काम झाले असे वाटते. पण रोजच्या बोलण्यात आपण ‘शकणे’ वापरतो तरी किती? पोहण्याबद्दल कोणी विचारले तर आपण ‘मला पोहता येतं’ म्हणतो. ‘मी पोहू शकतो’ म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल, दुखणे संपून डॉक्टरांनी परवानगी दिलेली दिसते. फोनवर आपण ‘आवाज येतोय तुमचा’ म्हणतो. बाकावर जागा दिसली की ‘इथे बसू का?’ विचारतो. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीला ‘कॅन’ लागतो: ‘आय कॅन स्विम’, ‘आय कॅन हिअर यू’, ‘कॅन आय सिट हिअर?’ मराठीत मात्र तिन्हींत ‘शकणे’ कुठेच नाही. तक्ता पाठ केलेल्या मुलाला मग ‘येतं’साठी काय वापरावे ते सुचत नाही आणि तो ‘आय नो स्विमिंग’ आणि ‘आय ॲम हिअरिंग युअर व्हॉइस’ लिहून मोकळा होतो. ‘कॅन’ त्याला येत असतो, पण वापरायची वेळ आली की तो दिसत नाही.

भूतकाळात तर उलटाच फटका बसतो. ‘मी पहिल्या प्रयत्नात पास होऊ शकलो’ या वाक्यात मराठी माणूस सांगतो की पास झालो. तक्त्यात ‘कुड’ म्हणजे ‘शकलो’, म्हणून ‘आय कुड पास इन द फर्स्ट अटेम्प्ट’. पण होकारार्थी वाक्यात ‘कुड’ अंगातली क्षमता सांगतो, एकदा घडलेली गोष्ट सांगत नाही. ‘लहानपणी मला तासभर पोहता यायचं’ याला ‘कुड’ चालेल. एका दिवशी एक काम जमले, तर ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ हवे, आणि बहुतेक वेळा सरळ ‘आय पास्ड’ पुरते. नकारात ही अडचण नाही. ‘आय कुडन्ट पास’ म्हणजे पास झालो नाही, एवढेच. दिसणे-ऐकू येणे अशा क्रियापदांनाही सूट आहे: ‘आय कुड हिअर अ नॉइज’ एकदाच्या घटनेसाठी बिनधास्त म्हणावे.

‘येऊ शकेन’चे ‘विल कॅन कम’ का होत नाही, हे तक्ता सांगत नाही. मोडल क्रियापदांना मूळ ‘टू’चे रूप नाही, ‘आयएनजी’ नाही आणि तिसरे रूप नाही. त्यामुळे ज्या जागी ही रूपे लागतात तिथे मोडल बसतच नाही आणि ‘एबल टू’ उसने घ्यावे लागते: ‘विल बी एबल टू कम’, ‘हॅव बीन एबल टू कम’. ‘कॅन एबल टू’ हा आपल्याकडचा लाडका प्रयोग म्हणजे मूळ माणूस आणि त्याचा बदली माणूस दोघेही एकाच खुर्चीत.

आता ‘पाहिजे’. तक्त्यात तो शुड, मस्ट, ऑट टू, नीड टू आणि हॅव टू अशा पाच जणांसमोर असतो. होकारात फार बिघडत नाही. थोडी सक्ती कमी-जास्त झाली तरी निभावते. नकार आला की अर्थ उलटतो. ‘यू मस्ट नॉट टेक धिस टॅब्लेट ऑन ॲन एम्प्टी स्टमक’ म्हणजे गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. ‘यू डोंट हॅव टू टेक धिस टॅब्लेट ऑन ॲन एम्प्टी स्टमक’ म्हणजे रिकाम्या पोटीच घ्यायला हवी असे नाही, जेवणानंतरही चालेल. होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ शेजारी-शेजारी असतात. ‘नॉट’ लागताच एकाकडे मनाई राहते आणि दुसऱ्याकडे मोकळीक. कारण सोपे आहे. ‘मस्ट नॉट’मध्ये न करण्याची सक्ती असते, ‘डोंट हॅव टू’मध्ये सक्तीच नसते.

आपल्याला हा फरक परका नाही. तो आपण ‘नये’ आणि ‘गरज नाही’ यांनी दाखवतो. गोंधळ होतो तो ‘नको’मुळे. ‘उद्या सुट्टी, लवकर उठायला नको’ यातला ‘नको’ म्हणजे ‘डोंट हॅव टू’. ‘तू असं बोलायला नको होतंस’ यातला ‘नको’ म्हणजे ‘शुडन्ट हॅव’. शब्द एकच, पण पहिला सुटका देतो, दुसरा दोष देतो. मराठी वाचणारा संदर्भावरून लगेच ओळखतो. म्हणून वर्गात आधी मुलाला विचारावे की हा ‘नको’ सुटकेचा की दोषाचा, आणि मग इंग्रजी शब्द निवडायला सांगावे. ‘एवढी भाजी आणायची गरज नव्हती’ हेही असेच. भाजी आणून झाली आहे आणि वाया जाणार आहे, तर ‘यू नीडन्ट हॅव बॉट सो मच’. ‘यू डिडन्ट नीड टू बाय’ म्हटले तर आणली की नाही ते उघडेच राहते.

मुलांचे सर्वात जास्त गुण भूतकाळातल्या मोडलमध्ये जातात, आणि मराठीची सर्वात जास्त मदतही तिथेच होते. एकच ‘जाणे’ घ्या. ‘गेली असणार’: ‘मस्ट हॅव गॉन’. ‘गेली असेल’: ‘मे हॅव गॉन’. ‘गेलीही असेल, सांगता येत नाही’: ‘माइट हॅव गॉन’. ‘जायला हवं होतं’: ‘शुड हॅव गॉन’. ‘जाऊ शकली असती’: ‘कुड हॅव गॉन’. ‘गेली असती’: ‘वुड हॅव गॉन’. ‘जावं लागलं’: ‘हॅड टू गो’. मराठीने हे सगळे ‘असणे’, ‘हवे’ आणि ‘लागणे’ यांच्या वेगवेगळ्या रूपांनी नीट वेगळे ठेवले आहे आणि सातवीतला मुलगा त्यात चुकत नाही. त्याच्या तोंडी हे भेद असताना आपण त्याच्या हातात ‘मस्ट म्हणजे पाहिजेच’ देतो. मग तो ‘काल मला जावं लागलं’चे ‘यस्टर्डे आय मस्ट गो’ करतो, किंवा थोडा हुशार असेल तर ‘आय मस्ट हॅव गॉन’. या दुसऱ्या वाक्याचा अर्थ ‘बहुतेक मी गेलो असणार’ असा होतो, म्हणजे स्वतः कुठे होतो ते स्वतःलाच आठवत नसल्यासारखा. सक्तीच्या अर्थाने ‘मस्ट’ला भूतकाळ नाही. तिथे ‘हॅड टू’च घ्यावे लागते.

अंदाजाच्या ‘मस्ट’चा नकारही तक्त्यात सापडत नाही. दिवा चालू दिसतो, म्हणजे ती घरी असणार: ‘शी मस्ट बी ॲट होम’. दाराला बाहेरून कुलूप आहे, म्हणजे ती घरी असणे शक्य नाही: इथे ‘मस्टन्ट बी’ नाही, ‘कान्ट बी’. आणि ‘मे नॉट’ दोन घरचा पाहुणा आहे. ‘शी मे नॉट कम’ म्हणजे कदाचित येणार नाही. ‘यू मे नॉट लीव्ह द हॉल’ म्हणजे सभागृह सोडायला परवानगी नाही. परीक्षेच्या सूचनांतला ‘मे नॉट’ दुसऱ्या जातीचा असतो.

अर्थाचे इतके पुरे. आता रूपांकडे, कारण सगळ्या लाल खुणा तिथेच पडतात. इंग्रजी क्रियापदांची एक रांग असते: आधी मोडल, मग ‘हॅव’, मग चालू क्रियेचा ‘बी’, मग कर्मणीचा ‘बी’, शेवटी मुख्य क्रियापद. मधले कोणीही गैरहजर राहू शकते, पण रांग मोडता येत नाही. आणि प्रत्येक जण फक्त आपल्या लगेच पुढच्याचे रूप ठरवतो. मोडलनंतर मूळ रूप. ‘हॅव’नंतर तिसरे रूप. चालू क्रियेच्या ‘बी’नंतर ‘आयएनजी’. कर्मणीच्या ‘बी’नंतर पुन्हा तिसरे रूप.

‘रस्ता एव्हाना दुरुस्त व्हायला हवा होता’ हे वाक्य घ्या: ‘द रोड शुड हॅव बीन रिपेअर्ड बाय नाऊ’. रस्ता एकच आहे, तरी ‘हॅज’ नाही, कारण मागे ‘शुड’ आहे आणि त्याला मूळ रूपच लागते. ‘हॅव’च्या पुढे ‘बी’ आला, तो तिसऱ्या रूपात, म्हणून ‘बीन’. हा ‘बीन’ कर्मणीचा, म्हणून पुढे ‘रिपेअर्ड’. आता ‘ते तासभर वाट पाहत असणार’: ‘दे मस्ट हॅव बीन वेटिंग फॉर ॲन अवर’. पहिली तीन पावले तीच. फक्त हा ‘बीन’ चालू क्रियेचा आहे, म्हणून पुढे ‘वेटिंग’. ‘शुड हॅज बीन’, ‘मस्ट हॅव बी’, ‘शुड हॅव बीन रिपेअर’ या चुका वेगवेगळ्या दिसतात, पण प्रत्येक वेळी शेजाऱ्याचा नियम मोडलेला असतो. मुलाने प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून ‘याच्या मागे कोण?’ एवढेच विचारले तरी त्या पकडता येतात. चारही मदतनीस एकदम हजर असलेले वाक्य व्याकरणात बसते, पण छापील मजकुरात वर्षभरात एखादे दिसले तर दिसले. ते परीक्षेत विचारण्यात काही हशील नाही.

या रांगेतला पहिला जण कारभारी. काळ तो सांगतो, तृतीयपुरुषी ‘एस’ (तो मोडल नसेल तर) तो घेतो, ‘नॉट’ त्याच्यामागे लागतो, प्रश्न करताना तोच कर्त्याच्या पुढे जातो. रांगेत मदतनीसच नसेल, म्हणजे ‘ही गोज’, ‘ही वेंट’ अशी एकट्या क्रियापदाची वाक्ये असतील, तर नकार आणि प्रश्नासाठी ‘डू’ला बोलवावे लागते. ‘डू’ येतो तो मुख्य क्रियापदाच्या अंगावरचा ‘एस’ किंवा भूतकाळ स्वतःच्या अंगावर घेऊन. ‘गोज’मधून ‘एस’ काढला की उरते ‘डझ गो’. ‘वेंट’मधून भूतकाळ काढला की उरते ‘डिड गो’. ‘डिड नॉट वेंट’ म्हणजे एका प्रवासाची दोन तिकिटे.

ही चूक मुले आळसाने करत नाहीत. मराठीत ‘मी गेलो नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेलो’तच राहतो आणि ‘नाही’ नुसता शेजारी उभा राहतो. मूल ती वाक्यरचना इमानदारीने इंग्रजीत नेते. मराठीत प्रश्नही ‘का’ किंवा नुसत्या सुराने होतो, शब्द हलत नाहीत. म्हणून ‘व्हाय यू आर लेट?’ येतो. मग ‘प्रश्नात क्रियापद आधी’ असे घोकून घेतले की तोच मुलगा ‘आय डोंट नो व्हेअर इज ही’ लिहू लागतो. दुसऱ्या वाक्याच्या पोटात बसलेल्या प्रश्नात उलटापालट होत नाही, ‘व्हेअर ही इज’ असेच राहते, हे त्याच दिवशी सांगायला हवे.

‘हॅव’, ‘नीड’ आणि ‘डेअर’ यांना दोन जन्म आहेत, तेही बजावून सांगावे लागते. ‘ही हॅज फिनिश्ड’मध्ये ‘हॅज’ मदतनीस, म्हणून ‘हॅज ही फिनिश्ड?’ ‘ही हॅज लंच ॲट वन’मध्ये तो मुख्य क्रियापद, म्हणून ‘डझ ही हॅव लंच?’ ‘ही नीड नॉट कम’मध्ये ‘नीड’ मोडल, ना ‘एस’ ना ‘टू’. ‘ही डझन्ट नीड टू कम’मध्ये साधे क्रियापद. मुले दोन्ही जन्म एकत्र करून ‘ही नीड्स नॉट टू कम’ लिहितात. मोडलचा ‘नीड’ हल्लीच्या इंग्रजीत कमीच दिसतो, तेव्हा लिहिण्यासाठी दुसरी रचना पक्की करावी आणि पहिली ओळखता आली तरी पुरे मानावे.

मुले विचारतात, ‘ही कॅन्स’ का नाही? ‘असंच असतं’ हे उत्तर देऊ नये, कारण याला कारण आहे. कॅन, मे, शॅल ही जुन्या इंग्रजीत पूर्ण क्रियापदे होती. ‘कॅन’ म्हणजे ठाऊक असणे, ‘मे’ म्हणजे अंगात बळ असणे, ‘शॅल’ म्हणजे देणे लागणे. त्यांची वर्तमानकाळी रूपे मुळात भूतकाळी घडणीची होती आणि भूतकाळात तृतीयपुरुषी प्रत्यय लागत नाही. अर्थ वर्तमानाचा झाला, अंगरखा जुनाच राहिला. ‘मस्ट’ तर आजही उघड भूतकाळी रूप आहे, म्हणूनच त्याला पुन्हा भूतकाळ करता येत नाही. ‘विल’चे मूळ थोडे वेगळे, ‘इच्छिणे’ असा त्याचा अर्थ, पण तो याच पंगतीत येऊन बसला. ‘कुड’च्या स्पेलिंगमधला न उच्चारायचा ‘एल’ मूळचा नाहीच. ‘शुड’ आणि ‘वुड’मध्ये तो होता म्हणून देखादेखी ‘कुड’मध्येही घुसवला गेला. आणि नकारातला ‘डू’सुद्धा सनातन नाही. १५६४ ते १६१६ या काळातल्या शेक्सपिअरच्या लिखाणात ‘आय नो नॉट’ आणि ‘आय डू नॉट नो’ दोन्ही सापडतात.

‘वुड’बद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ही चूक मोठ्यांची आहे. ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे ॲट इलेव्हन’ अशी सूचना आपल्याकडे सर्रास निघते. लिहिणाऱ्याला वाटते, ‘विल’ थोडा उद्धट, ‘वुड’ अदबीचा. पण ठरलेल्या सभेसाठी ‘विल’ हवा. ‘वुड’ वाचला की इंग्रजी वाचणारा मनात ‘जर काय झालं असतं तर?’ असे विचारतो. ‘वुड’ला तीन-चारच घरे आहेत: अट, ‘तो म्हणाला की...’च्या पोटातले भविष्य, पूर्वीची सवय आणि विनंती. ‘ही सेड द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे’ हे बरोबर, कारण तिथे ‘सेड’ आहे.

अटीच्या वाक्यात मराठी आपल्याला दगा देते, हे मान्य करायला हवे. ‘पाऊस आला असता तर पीक वाचलं असतं’ यात दोन्ही बाजूंना तेच रूप आहे. म्हणून ‘इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड’ असे लिहिले जाते. प्रमाण इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड रेन्ड’, आणि ‘वुड हॅव’ फक्त निकालाच्या बाजूला. ‘तो येईल तर मी जाईन’चेही तसेच: ‘इफ ही कम्स’, ‘विल’ फक्त पुढच्या अर्ध्या वाक्यात. ‘इफ यू विल वेट हिअर’ हा अपवाद वाटतो, पण तिथला ‘विल’ भविष्याचा नाही, ‘थांबायची तयारी असेल तर’ असा आहे.

विनंतीत मात्र मराठी पुन्हा कामाला येते. ‘मला पाणी पाहिजे’चे ‘आय वॉन्ट वॉटर’ होते आणि ऐकणाऱ्याला ते हुकमासारखे लागते. पण पाहुणा म्हणून गेल्यावर आपण ‘पाहिजे’ म्हणतो का? आपण ‘पाणी मिळेल का?’ म्हणतो. त्या ‘मिळेल का’ला ‘कुड आय हॅव सम वॉटर?’ चपखल बसते. ‘जरा खिडकी लावाल का?’ म्हणजे ‘वुड यू क्लोज द विंडो?’ मराठीची अदब क्रियापदाच्या भविष्यकाळात आहे, इंग्रजीची मोडलच्या भूतकाळी रूपात. हे एक वाक्य फळ्यावर लिहिले तर ‘प्लीज’चा भडिमार थोडा कमी होईल.

‘शॅल’ आणि ‘मे’ यांचे खरे वजन कायद्यात कळते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद २१-अ इंग्रजीत वाचा. त्या एकाच वाक्यात दोन्ही आहेत: सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण राज्य ‘शॅल प्रोव्हाइड’, आणि ते कोणत्या रीतीने, हे राज्य ‘मे, बाय लॉ, डिटरमिन’. पहिल्याने कर्तव्य घातले, दुसऱ्याने ते पार पाडायची रीत ठरवण्याची मुभा दिली. तक्त्याप्रमाणे ‘शॅल’ला भविष्यकाळ आणि ‘मे’ला कदाचित मानणारा विद्यार्थी याचा अर्थ ‘राज्य शिक्षण देणार आहे, कसे ते कदाचित ठरवील’ असा लावेल. अनुच्छेद १४ मधला ‘शॅल नॉट डिनाय’ हाही भविष्याचा अंदाज नाही, मनाई आहे.

गंमत अशी की आपल्या मराठी कायदेलेखनाने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. अधिनियमात ‘मे मेक रूल्स’ असते तिथे मराठीत ‘राज्य शासनास नियम करता येतील’ असे लिहितात. ‘कदाचित’ कुठेही नाही. म्हणजे ‘मे’चा तो अर्थ मंत्रालयातल्या अनुवादकाला ठाऊक आहे, शाळेच्या तक्त्याला नाही.

आय आणि वी बरोबर ‘शॅल’, बाकीच्यांबरोबर ‘विल’, आणि निश्चय किंवा आज्ञा असेल तर उलट, हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाच्या १६५३ मधल्या लॅटिन भाषेतल्या इंग्रजी व्याकरणापर्यंत मागे जातो. रोजच्या इंग्रजीत तो आता उरलेला नाही. ‘आय विल’ सगळीकडे चालते. ‘शॅल’ उरला तो कायद्यात, करारात आणि ‘शॅल वी गो?’, ‘शॅल आय ओपन द विंडो?’ अशा प्रश्नांत. आपल्या ‘निघू या का?’, ‘खिडकी उघडू का?’ यांना तोच लागतो. कायद्यातूनही काही देशांनी तो काढायला घेतला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेत कर्तव्यासाठी ‘मस्ट’ आहे. पुण्या-हिंजवडीत सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्यांना आणखी एक उदाहरण परिचयाचे असेल. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांसाठी १९९७ मध्ये निघालेल्या आरएफसी २११९ या दस्तऐवजात ‘मस्ट’ म्हणजे विनाअपवाद बंधन, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम समजून घेतले असतील तरच मोडता येईल अशी शिफारस, ‘मे’ म्हणजे पूर्ण ऐच्छिक, अशी व्याख्याच करून ठेवली आहे. ‘शुड’ आणि ‘मस्ट’ दोघांसमोर ‘पाहिजे’ लिहून शिकलेल्याने असा दस्तऐवज वाचला तर कोणती गोष्ट टाळता येते आणि कोणती नाही, हे त्याला कळणार नाही.

उच्चाराबद्दल तक्ते काहीच बोलत नाहीत. बोलताना ‘कॅन’ वाक्याच्या मध्ये आला की त्याचा ‘कन’ होतो आणि जोर मुख्य क्रियापदावर जातो: ‘आय कन कम’. ‘कान्ट’ मात्र पूर्ण आणि जोर देऊन. आपण ‘आय कॅन कम’ म्हणताना ‘कॅन’वर जोर देतो. अमेरिकी उच्चारात ‘कॅन्ट’मधला ‘ट’ बहुधा गिळलेला असतो, त्यामुळे तिकडच्या माणसाला आपला जोरदार ‘कॅन’ नकार वाटू शकतो. येतो म्हणून सांगावे आणि समोरच्याने येत नाही असे ऐकावे! ‘मस्टन्ट’मधला पहिला ‘ट’ उच्चारत नाहीत, ‘मसन्ट’. ‘हॅव टू’ म्हणजे ‘हॅफ्टू’, ‘यूज्ड टू’ म्हणजे ‘यूस्टू’. ‘शुड हॅव’ बोलताना ‘शुडव’ होतो, इतका की ज्यांची मायबोली इंग्रजी आहे तेही लिहिताना ‘शुड ऑफ’ लिहून बसतात. ही चूक तरी आपली मुले करत नाहीत, कारण ती आधी लिहायला शिकतात आणि मग बोलायला.

तक्ता छापायचाच असेल तर उजव्या रकान्यात सुटा शब्द नको, आख्खे मराठी वाक्य द्यावे, तेही बोलीतले. ‘कॅन’समोर तीन: ‘मला पोहता येतं’, ‘ऐकू येतंय’, ‘इथे बसू का?’ ‘मस्ट’समोर दोन: ‘आज भरायलाच हवं’ आणि ‘ती घरी असणार’. नकाराची वाक्ये वेगळ्या ओळीत, कारण मोडलचा नकार म्हणजे होकारात ‘नॉट’ घातला, इतके सरळ नसते. आणि तक्त्याच्या आधी रांग. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीला पोचेपर्यंत मुलाच्या कानावर ‘डझ’ आणि ‘डिड’ दहा वर्षे पडलेले असतात. तरी ‘डिड नॉट वेंट’ टिकून आहे, कारण ‘डू’ भूतकाळ काढून घेतो हे त्याला कोणी दाखवलेले नसते. पाचवी-सहावीत बी, हॅव, डू या तिघांचेच प्रश्न आणि नकार करून घ्यावेत, मोडलना तोवर हात लावू नये. मग कॅन, मस्ट, शुड, विल मूळ रूपासह. ‘हॅव’ आणि तिसरे रूप जोडलेली मोडल आठवीच्या अलीकडे नकोत, आणि ती शिकवताना सुरुवात ‘गेली असणार, गेली असेल, गेली असती’पासून.

परीक्षेतला ‘कंसातल्या सूचनेप्रमाणे मोडल घाला’ हा प्रश्नही बदलण्याजोगा आहे. ‘ऑब्लिगेशन दाखवणारे मोडल घाला’ म्हटले की मुलगा अर्थ न वाचता ‘मस्ट’ लिहितो आणि पूर्ण गुण घेतो. त्याऐवजी दोन ओळींचा प्रसंग द्यावा: दाराला कुलूप आहे, आत दिवा नाही, गाडीही नाही, ‘दे ___ बी ॲट होम’. इथे ‘कान्ट’ लिहिणाऱ्याला मोडल कळले आहेत आणि ‘मस्टन्ट’ लिहिणाऱ्याला तक्ता पाठ आहे.

आपला,
इंग्रजी व्याकरणाचा एक शिक्षक